मामंजींचं नाव घेतलं तो दिवस

अनारकान माझी धाकटी जाऊ. तिचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही, असं जिल्ह्याच्या डॉक्टरला कळवणारी बाई मीच, कालिपा. उगाच दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही. फोन माझा, तोंड माझं, आणि नंतर जी पाचावर धारण बसली तीही माझीच.

ती कोण, ते आधी सांगते. आमच्या डोंगरातल्या ताश-सू गावात डॉक्टर नाही, कधी नव्हताच. सत्तावीस वर्षं झाली, शाळेमागच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात अनारकानच नर्स, तीच डॉक्टर, आणि बर्फ साचलं की फावडं घेऊन दारापर्यंत वाट काढणारीही तीच. गावातल्या निम्म्या पोरांना तिनं उलटं धरून पहिली चापट मारली आहे. घोड्याच्या लाथेनं मोडलेली बरगडी, दारूच्या भरात फुटलेलं कपाळ, म्हाताऱ्यांचे रक्तदाब, सगळं तिच्या दारात, ‘एजे’, म्हणजे ताई, अशी हाक मारत. आणि जीभ कसली म्हणता! सुईपेक्षा जास्त टोचायची. एकदा गावचा मुखिया इंजेक्शनला घाबरून पँट सैल करेना, तर हिनं बाहेर बसलेल्या बायकांना हाक मारली, "या गं आत, धरा याला. मतं मागायला आला होता तेव्हा बरा वाकत होता!" मुखियाला अजून साधा खोकला झाला तरी तो शेजारच्या गावी जातो.

धाकट्या मुलाची बायको, आणि आमच्यात आईबापांजवळ धाकटा राहतो, त्यामुळे सासऱ्यांचं घर तिच्या वाट्याला आलं. सासूबाई गेल्या. मामंजी आहेत, चौऱ्याऐंशी वर्षांचे, कानांनी अधू पण तोंडानं धडधाकट. मी थोरली सून, कुंपणापलीकडे राहते. तिच्या चुलीवर काय शिजतंय ते मला माझ्या अंगणात बसून कळतं, आणि मीठ कमी पडलंय हे मी तिथूनच ओरडून सांगते. भांडलोय तर इतक्यांदा, की आता कशावरून भांडलो ते दोघींनाही आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी बर्फ वितळायच्या दिवसांत तिचा नवरा कुबात गेला. माझा सगळ्यात धाकटा दीर, त्रेपन्न वर्षांचा गडी. घरातच छाती धरून कोसळला. अनारकान तेव्हा वरच्या वस्तीवर बाळंतपणाला गेली होती. ती आली तोवर आम्ही त्याला झाकून ठेवलं होतं. चाळिसावा झाला, वर्षाचं जेवण झालं, घोडं कापलं, दोनशे माणसं जेवली आणि ही कमरेला रुमाल बांधून सगळ्यांना वाढत होती. बायका कुजबुजल्या, "रडत कशी नाही गं ही?" मी एकीला तिथल्या तिथे झापली. खरं सांगू? मनात माझ्याही तेच होतं.

मग ती हळूहळू कमी होत गेली. आधी हसणं गेलं, मग बोलणं. पूर्वी एका वाक्याला चार वाक्यं फेकणारी बाई आता "हं" म्हणायलाही वेळ घ्यायची. चुलीवर दूध ठेवून अंगणात यायची आणि बादली हातात धरून तशीच उभी राहायची. मी कुंपणावरून हाका मारायची, "अगं, दूध!" तर माझ्याकडे बघायची, जणू मी परकी भाषा बोलतेय. रात्री झोप नाही, दिवसा जाग नाही. अंगावरचे कपडे सैल झाले. मी कतलामा, म्हणजे पदर सुटलेली तळलेली पोळी, करून न्यायची, तर दुसऱ्या दिवशी ती तशीच रुमालाखाली.

आणि मला तिची आई आठवायला लागली. तिची आई बातमाकान शेवटी शेवटी स्वतःच्या लेकीला विचारायची, "बाई, तू कुणाच्या घरची सून?" एका हिवाळ्यात दार उघडून निघून गेली, ती नदीच्या बर्फावर गोठलेली सापडली. अनारकाननंच शोधली तिला. आता हिचीही तीच वाट सुरू झाली की काय, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच.

मी तरी गप्प बसले असते. पण एक दिवस एका बाळाला तिनं सकाळी लस दिली, आणि दुपारी त्याची आई तापाचं औषध न्यायला परत आली तर ही पुन्हा सुई भरून तयार. ती पोरगी किंचाळली, "एजे, सकाळीच दिलीत की!" अनारकाननं सुईकडे बघितलं, बाळाकडे बघितलं, आणि खाली बसली. मी तिथंच होते, गुडघ्याला लावायचा मलम न्यायला गेले होते. सुई मीच तिच्या हातातून काढून घेतली.

त्या संध्याकाळी मी जिल्ह्याला फोन केला. डॉक्टर म्हणाला, बरं झालं कळवलंत, आता शहरात त्यासाठी एक नवीन तपासणी आली आहे. मन खचलेल्या माणसाचं डोकं किती मंदावलंय ते यंत्रावर मोजतात. पत्र आलं. हिरवा रंग आला तर कामावर जा. पिवळा आला तर औषध, विश्रांती, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. लाल आला तर नोकरी त्या दिवसापासून बंद, आणि मेंदूच्या मोठ्या तपासणीला राजधानीत, बिश्केकला जायचं.

मला वाटलं होतं, मी फोन केला हे कळल्यावर ती माझ्या झिंज्या उपटेल. मी उत्तरंही तयार ठेवली होती. ती पत्र वाचून म्हणाली, "बरं केलंत जाऊबाई." बस्स. शिव्या घातल्या असत्या तर मी शांत झोपले असते.

गुरुवारनंतरच्या दिवशी बोलावलं होतं. व्हॅनमध्ये दोन तास ती खिडकीला डोकं टेकून बसली. घाटात बाहेर काहीच दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. मध्येच म्हणाली, "कुठलाही रंग आला तरी मामंजींना तुम्ही तुमच्याकडे न्या."

"का? तू कुठं चाललीस?"

"कुठं नाही. सांगून ठेवलं."

लाल आलं तर ही बाई आईसारखी बर्फावर सापडायची वाट बघणार नाही, हे मला लख्ख कळलं. नर्स आहे ती, औषधांच्या कपाटाशी सत्तावीस वर्षं उठबस आहे. मी निघायच्या आधीच त्या कपाटाची किल्ली तिच्या कोटातून काढून माझ्या पिठाच्या डब्यात पुरून आले होते. आता वाटायला लागलं, एका किल्लीनं काय होतंय? घरात दोरी आहे, अंगणात विहीर आहे, गावाखालून नदी जाते. मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, एवढंच.

शहरातल्या दवाखान्यात एक पोरसवदा डॉक्टरीण होती, आयझीरेक नावाची. राजधानीत वाढलेली, रशियन शाळेत शिकलेली, आमची भाषा बोलताना दर वाक्याला ठेच लागायची. पण पोरगी गोड. तिनं अनारकानला आत नेलं, टेबलावर काचेची एक पाटी ठेवली. पाटीतून बाईचा आवाज यायचा, सरकारी रेडिओवर बातम्या देतात तसा. मला बाहेर काढलं. म्हणाली, "एजे, जवळचं माणूस असलं की लोक त्याच्या तोंडाकडे बघून उत्तरं देतात."

"मी तोंड फिरवून बसते की!"

"बाहेर बसा, एजे."

बाहेर बसले. आतून काहीच ऐकू येईना, मध्येच नुसतं टिंग वाजायचं. प्रत्येक टिंगला मी ठरवायची, हे बरोबरचं टिंग की चुकलेलं? मूठभर सूर्यफुलाच्या बिया सोलल्या, एकही खाल्ली नाही. समोरच्या बाकावर एक म्हातारा होता, तो म्हणाला, "माझी झाली तपासणी. लाल." आणि हसला. मला त्याच्या हसण्याची इतकी भीती वाटली की मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

पाऊण तासानं दार उघडलं. आयझीरेक मला म्हणाली, "या." तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. अनारकान खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती. पाटीवर मोठा गोल होता. लाल.

मी टेबलाची कड धरली.

"मी नीट समजावते," आयझीरेक म्हणाली. "खुणा बघून आकडे दाबायचे होते, तिथं त्या मंद आहेत, पण ते मन खचल्यावर होतंच. माणसाला लक्ष देणं जमत नाही, त्यामुळे विसरल्यासारखं होतं, आणि मन सावरलं की ते परतही येतं. मला त्याची काळजी नाही. काळजी दुसरी आहे. आज कोणता वार, असं विचारलं. कितीतरी वेळ गप्प. मग म्हणाल्या, ‘मोठ्या नमाजाचा.’ यंत्राला वार हवा, तो सांगता आला नाही."

"मग?"

"मग चित्रं दाखवली. कुऱ्हाडीला म्हणाल्या, ‘ते लाकूडतोडं.’ लांडग्याला म्हणाल्या, ‘ते ओरडणारं.’ वस्तू कळते पण तिचं नाव सापडत नाही, एजे, हे लक्षण चांगलं नसतं. विसरण्याच्या आजारात सुरुवात अशीच होते. दहा शब्द लक्षात ठेवायला दिले होते, त्यातले फक्त चार सांगितले. ‘कुऱ्हाड’ नाही, ‘आठवडा’ नाही..."

ती पुढे बोलत राहिली. मी ऐकणं सोडून दिलं होतं. माझ्या डोक्यात ते शब्द एकामागून एक येऊन बसले, आणि मग अल्लाची शपथ, मला हसू फुटलं. असं फुटलं की डोळ्यांतून पाणी. आयझीरेक घाबरली, तिला वाटलं आता ही दुसरीही गेली.

"अगं पोरी," मी म्हणाले, "तुझ्या पाटीचं लग्न झालंय का?"

"काय?"

"लग्न! सासर! सासू-सासरे! हिला विसरायला नाही झालेलं, हिला ते बोलता येत नाही. मलाही येत नाही!"

"का येत नाही?"

आता आली का पंचाईत. सांगायचं तर ते शब्दच उच्चारायला हवेत. मी म्हटलं, "हे बघ, सासरच्या थोरल्यांच्या नावातला शब्द सुनेनं तोंडातून काढायचा नसतो. आमच्या मामंजींचं नाव आजच्या वारावरून आहे."

"कुठला वार?"

"आजचाच गं बाई!"

"म्हणजे शुक्रवार?"

"तोच. आपल्या भाषेत बोल ना, रशियनमध्ये काय बोलतेस!"

तिचे डोळे हळूहळू मोठे झाले. "जुमा? सासऱ्यांचं नाव... जुमाबाय?" हे तिचे शब्द बरं का, मी नुसते सांगतेय. मी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. अनारकाननं मान खाली घातली. आपल्या भाषेत त्या वाराला आणि सात दिवसांना मिळून एकच शब्द आहे, त्यामुळे दहा शब्दांतला तोही गेला. मग मी तिला सांगितलं, मधल्या दिराचं नाव बालताबेक, आणि बालता म्हणजे तेच लाकूडतोडं, म्हणून तेही गेलं. तो माझ्याहून धाकटा, म्हणून मी नाव घेते, पण हिचा थोरला. आणि थोरल्या दिराचं, म्हणजे आमच्या ह्यांचं...

"लांडगा?" आयझीरेक म्हणाली. "बोरूबाय?"

"तू घे नाव, तुला काय! तुझे कोण लागतात?"

"पण माझी आई तर सासरी सगळ्यांना नावानं हाक मारते."

"म्हणूनच तू अशी निघालीस," मी म्हणाले. ती हसली बिचारी. मग एकदम गंभीर झाली आणि म्हणाली, "पण यंत्र मला असं लिहू देत नाही, एजे. त्याला तोच शब्द ऐकू यायला हवा. ओरडणारं, तोडणारं, त्याला काही कळत नाही. निकाल आपोआप जिल्ह्याला जातो, दुपारी एकला. तेवढा भाग मी पुन्हा घेऊ शकते. पण त्यांना बोलावं लागेल."

बारा वाजून गेले होते. मी अनारकानकडे वळले. "ऐकलंस ना? घे नावं आणि मोकळी हो."

"नाही."

"अगं, इथं कोण ऐकतंय?"

"एकतीस वर्षं नाही घेतलं, जाऊबाई. लाल तर लाल. चालेल मला."

"चालेल? नोकरी जाईल!"

"जाऊ दे."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, मुखियाची पँट सोडायला लाज नाही वाटली आणि इथं सोवळी झालीस? म्हटलं, उद्या गावात एखादी पोरगी अडली तर कोण जाणार, तुझा रुमाल जाणार? ती ऐकत राहिली, तिच्या तोंडावरची रेघ हलली नाही. तेव्हा रागाच्या खालून भीती वर आली. या बाईला ते लाल हवंच आहे की काय, असं एक क्षणभर मनात आलं. पण तो विचार मी धरून ठेवला नाही. हट्टी आहे मेली, पहिल्यापासून हट्टी, एवढंच म्हटलं.

मग मी मामंजींना फोन लावला. दुसरं काही सुचेना. शेजारच्या पोरीनं उचलून त्यांच्या कानाला लावला, मी आवाज मोठा केला.

"कोण मेलं?" मामंजी ओरडले.

"कुणी नाही मेलं! मी थोरली! आम्ही शहरात आहोत, धाकटीची परीक्षा चाललीय!"

"या वयात कसली परीक्षा?"

मी ओरडून सांगितलं. अख्ख्या दवाखान्याला कळलं. सांगताना तोंड तापलं माझं, सासऱ्यांना असं कधी बोलले नव्हते. मला वाटलं, आता घराण्याची अब्रू काढतील. मग मामंजी खाकरले.

"म्हणजे ती माझं नाव घेत नाही म्हणून तिला वेडी ठरवणार?"

"वेडी नाही, पण तसंच काहीसं!"

"मग घे म्हणावं! मेल्यावर माझ्या दगडावर मोठ्या अक्षरात लिहिणारच आहेत ना? तेव्हा येणारेजाणारे सगळे वाचतील. आपल्या घरचं माणूस आधी बोललं तर काय आकाश कोसळणार आहे? दे तिला."

मी फोन तिच्यासमोर धरला. मामंजींचा आवाज जरा उतरला. "पोरी, ऐकतेस ना? एक लेक गेला माझा. तू नको जाऊस. माझं नाव घेऊन तुझं डोकं जागेवर राहत असेल, तर रोज घे. सकाळ-संध्याकाळ घे."

अनारकाननं डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. आयझीरेकनं पाटी सुरू केली. रेडिओवाली बाई म्हणाली, "आज कोणता वार आहे?"

अनारकानचे ओठ हलले. पाटी म्हणाली, "कृपया थोडं मोठ्यानं बोला." पुन्हा ओठ हलले. पाटी पुन्हा म्हणाली, "कृपया थोडं मोठ्यानं." घड्याळात साडेबारा.

"जुमा!" अनारकान ओरडली.

"ओ!" फोनवरून मामंजींनी ओ दिली.

आयझीरेक तोंडावर हात ठेवून वळली. मी रडत होते की हसत होते, मला ठाऊक नाही. टिंग वाजलं. मग चित्रं आली. कुऱ्हाड म्हणाली, ते ओरडणारं म्हणाली, अगदी नावानिशी. ते ऐकताना मी कानावर हात ठेवले, नवरा आहे तो माझा. मग दहा शब्द पुन्हा. या खेपेला सहा सांगितले. गोल बराच वेळ फिरला आणि थांबला. पिवळा.

"पिवळा!" मी आयझीरेकच्या गळ्यातच पडले. "म्हणजे ते आईचं नाही ना? विसरायचं नाही ना?"

"आज तरी तसं दिसत नाही. मी हमी देत नाही, एजे, एका तपासणीवरून कोणी देऊ नये. पण दुःखानं मन आणि डोकं दोन्ही थकलंय, असं दिसतं. औषध सुरू करू. तीन महिन्यांनी पुन्हा या." तिनं गोळ्या लिहून दिल्या. अनारकाननं कागद घडी घालून खिशात ठेवला, आभार मानले, सगळं नीट केलं.

बाहेर पडलो तर मला भूक लागली. खरंच, केवढी तरी भूक! थांब्याजवळच्या भट्टीतून मांस भरलेले दोन गरम सामसे घेतले. व्हॅन उभी होती, निम्मी भरलेली. मी बोलतच होते, घरी गेल्यावर कोंबडी कापते, मामंजींना आता तू नावानं हाक मारतेस की काय, वगैरे. ती थांब्याच्या बाकावर बसली. हातातल्या सामशाची वाफ निघून गेली तरी तिनं घास घेतला नाही.

"जाऊबाई, मला लाल हवं होतं."

"वेडी आहेस का?"

"तुम्ही आईला शेवटी बघितलंत ना? बाबा गेलेत हे ती विसरली होती. रोज दाराकडे बघून हसायची, आत्ता येतील म्हणायची. मी तिचं सगळं करायची, आणि तिचा हेवा करायची. मला वाटलं, चला, माझंही सुरू झालं. दूध उतू गेलं की बरं वाटायचं. त्या बाळाला लस दिलेली विसरले तेव्हा घाबरले, पण आत कुठंतरी वाटलं, आलं, जवळ आलं."

"काय विसरायचंय तुला एवढं?"

ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली, आणि दोन वर्षांत ऐकलं नव्हतं इतकं बोलली. "त्या दिवशी सकाळी मी पिशवी भरत होते. हे म्हणाले, छातीत आवळल्यासारखं होतंय. डाव्या हाताला मुंग्या येताहेत. मी म्हणाले, काल लग्नात चरबी हादडलीत ना, मग काय होणार? गरम चहा घ्या, मी येतेच. डावा हात, जाऊबाई! सत्तावीस वर्षं मी गावातल्या एकेका बाईला सांगत आलेय, नवऱ्यानं डावा हात म्हटलं की हातातलं टाकून मला बोलवायला या. आणि ते मला घरातच सांगत होते. मी दारातून मागे वळूनही बघितलं नाही. सगळं आठवतंय मला. कुठला सदरा होता, किती वाजले होते, आवाज कसा होता. ती पाटी म्हणते मला सहाच शब्द लक्षात राहिले. ते एक वाक्य कसं जात नाही मग?"

मी तिच्या शेजारी बसले.

"कुणाला सांगितलंयस हे?"

"तुम्हाला. आत्ता." तिनं सामसा बाकावर ठेवला, कागदाचे कोपरे नीट दुमडले. "हे डोक्यात घेऊन अजून तीन महिने. मग पुन्हा तीन. मला नाही जमणार, जाऊबाई. मी खरंच सांगतेय."

व्हॅनवाला ओरडला, "ताश-सू! चला, बसताय का?" मी त्याला हातानंच जा म्हटलं. सकाळपासून मी त्या लाल गोलाला घाबरत होते, आणि आत्ता पिवळा हातात घेऊन हिला घरी नेत होते, कुबात कोसळला त्याच घरात, कोंबडी खायला. मी तिचा दंड धरला. ती म्हणाली, "कुठं?" मी काही सांगितलं नाही, ओढत परत दवाखान्याच्या जिन्यावर नेली. गुडघे माझे असे कुरकुरत होते, पण थांबले नाही.

आयझीरेक कोट घालून दाराला कुलूप लावत होती. "काही राहिलं का, एजे?"

"राहिलं. दार उघड," मी म्हणाले. "ती पाटी बंदच राहू दे. हिला काहीतरी सांगायचंय, आणि ते ऐकल्याशिवाय तू जेवायला जायचं नाहीस."

तिनं अनारकानच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही न विचारता कुलूप काढलं, कोट काढला, आणि तिघींसाठी खुर्च्या ओढल्या. अनारकान दारात उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा ती आत गेली. दार मी आतून लावून घेतलं.